ख्रिस्तपुराणकर्ते फादर थॉमस स्टीफन्स

महोत्सव म्हणजे केवळ आनंदाचा सोहळा नव्हे. तो मागें वळून पाहण्याचा व स्वतःस कांहीं प्रश्न विचारण्याचाहि प्रसंग होय. आपली प्रार्थना, आपलीं गाणीं, आपले सण हे आपणांस कोणत्या वाटेनें प्राप्त झाले आणि त्यासाठीं आपण कोणाचे ऋणी आहों, हा विचार अशा वेळीं श्रद्धावंताच्या मनांत आल्यावांचून राहत नाहीं. त्या विचारास थोडें साह्य व्हावें ह्या हेतूनें आम्ही येथें एका थोर धर्मगुरूचें चरित्र वाचकांपुढें ठेवीत आहों. त्यांचें आयुष्य गोव्यांत गेलें. परंतु त्यांनीं ज्या साच्यांत आपलें काव्य घडविलें तो साचा आपल्याच नद्यांच्या कांठीं तयार झाला होता.

कोरेगांव भीमा हें नांव उच्चारतांच बहुतेकांच्या डोळ्यांपुढें उभा राहतो तो येथील जयस्तंभ. १ जानेवारी १८१८ रोजीं झालेल्या लढाईची ती खूण. त्या स्तंभाचा घाट पाहिला तर तो ह्या देशचा नव्हे. वर निमुळता होत जाणारा असा चौकोनी पाषाणस्तंभ प्रथम मिसर देशांत उभारला गेला. तेथून रोमी सम्राटांनीं तो रोमास नेला. आणि पुढें युरोपांत रूढ झालेली ती रीत इंग्रजांबरोबर भीमेच्या कांठीं आली. परंतु त्यावर कोरलेलीं नांवें वाचावींत, तर त्यांत ह्याच मातींतल्या शूर शिपायांचीं नांवें आहेत. १ जानेवारी १९२७ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर येथें येऊन गेले, तेव्हांपासून तर त्या स्तंभास जो अर्थ आला तो बांधणाऱ्यांच्या स्वप्नींहि नसेल. घाट एका समाजाचा, आणि त्यास जीव दिला दुसऱ्या समाजानें.

ह्याच भीमेस थोड्या वरच्या अंगास, तुळापूर येथें, इंद्रायणी येऊन मिळते. देहू व आळंदी ह्या गांवांवरून वाहत आलेलें तें पाणी. आणि पुढें पंढरपुरास तेंच चंद्रभागा म्हणविलें जातें. ह्या पाण्याच्या कांठीं ओवी वाढली. पहांटे जात्यावर बसलेल्या बायांच्या तोंडीं ती होती, आणि सन १२९० मध्यें नेवाशास सांगितलेल्या ज्ञानेश्वरींतहि तीच होती. जयस्तंभाच्या बाबतींत परका घाट आपल्या माणसांनीं आपलासा केला. आमच्या चरित्रनायकानें त्याच्या उलट केलें. दूर देशची, यहूदी लोकांत घडलेली तारणाची कथा त्यांनीं ह्या ओवीच्या घाटांत घातली, आणि ती कथा मराठी झाली.

कला ही अधांतरीं उगवत नाहीं. ज्या समाजांत ती जन्मते त्याची भाषा, त्याचे धंदे, त्याचें हवापाणी, त्याचें सुखदुःख हीं सारीं तिच्या अंगीं मुरलेलीं असतात. पवित्र ख्रिस्तसभेचा इतिहास ह्याची साक्ष पदोपदीं देतो. रोम शहराच्या भूमीखालील दफनस्थानांत आद्य ख्रिस्ती लोकांनीं प्रभूचें चित्र काढलें तें खांद्यावर मेंढरूं घेतलेल्या तरुण, दाढी नसलेल्या रोमी मेंढपाळाचें. नवव्या शतकांत उत्तरेकडील सॅक्सन लोकांसाठीं एका कवीनें हेलियांड नांवाचें काव्य रचलें. त्यांत प्रभु हा उदार सरदार आहे आणि शिष्य हे त्याच्या शब्दाखातर प्राण देणारे शिलेदार आहेत, कारण सरदार व शिलेदार हेंच नातें त्या लढवय्या लोकांस सर्वांत पवित्र वाटे. फ्लँडर्सच्या चित्रकारांनीं देवमातेस आपल्याच नगरांतील घरांत, आपल्याच खिडकीपाशीं बसविलें. ह्यांपैकीं कोणीं श्रद्धा पालटली नाहीं. त्यांनीं केवळ तिला आपल्या घरीं बोलाविलें. आपल्या भाषेंत हें कार्य करण्याचा मान ज्यांस मिळाला ते जन्मानें इंग्रज होते.

थॉमस स्टीफन्स ह्यांचा जन्म सन १५४९ च्या सुमारास इंग्लंडांतील विल्टशर परगण्यांत, बुश्टन ह्या गांवीं झाला. त्यांचे वडील व्यापारी होते. तो काळ इंग्लंडांतील कॅथॉलिकांस फार कठीण होता. एलिझाबेथ राणीच्या राज्यांत, सन १५५९ च्या कायद्यानें, मिस्साबलिदान बेकायदा ठरलें होतें. श्रद्धावंत लोक रात्रींच्या वेळीं, दारें लावून, दबल्या आवाजांत प्रार्थना करीत. आणि पुढें तर धर्मगुरूस घरांत आसरा देणें हा देहान्त शिक्षेचा अपराध झाला.

अशा दिवसांत टॉमस पाउंड नांवाच्या एका श्रीमंत गृहस्थाशीं तरुण स्टीफन्सचा स्नेह जडला. हे गृहस्थ पूर्वीं राजदरबारीं वावरलेले. पुढें दरबाराचा वीट येऊन ते श्रद्धेच्या कार्यास लागले. त्यांच्यासमवेत सेवकाच्या वेषांत राहून स्टीफन्स ह्यांनीं गुप्तपणें लपलेल्या कॅथॉलिकांस धीर देण्याचें काम केलें. दोघांनीं मिळून रोमास जावें व येशूसंघांत प्रवेश करावा असा बेत ठरला होता; परंतु निघण्यापूर्वींच पाउंड पकडले गेले, आणि पुढील सुमारें तीस वर्षें त्यांनीं निरनिराळ्या तुरुंगांत काढलीं. स्टीफन्स एकटेच रोमास पोंचले आणि २० ऑक्टोबर १५७५ रोजीं येशूसंघांत दाखल झाले. मित्रास ते विसरले नाहींत. संघाच्या श्रेष्ठींकडे रदबदली करून त्यांनीं बंदिवासांतील पाउंड ह्यांसहि संघांत घेण्याची अनुज्ञा मिळविली. मित्र तुरुंगांत संघबंधु झाला, आणि स्टीफन्स पूर्वेकडे निघाले.

४ एप्रिल १५७९ रोजीं लिस्बन बंदरांतून पांच जहाजांचा काफिला सुटला. आफ्रिकेस वळसा घालून, वादळें, आजार व गोड्या पाण्याची टंचाई सोशीत, तो २४ ऑक्टोबरला गोव्यास लागला. ह्या प्रवासाचें वर्णन स्टीफन्स ह्यांनीं १० नोव्हेंबर १५७९ च्या पत्रांत आपल्या वडिलांस लिहून पाठविलें. तें पुढें इंग्लंडांत छापलें गेलें व त्या देशांतील दर्यावर्दी लोकांनीं आवडीनें वाचलें. ईस्ट इंडिया कंपनी स्थापन व्हावयास अद्याप एकवीस वर्षें अवकाश होता. भारतांत येऊन वस्ती केलेले पहिले ज्ञात इंग्रज ते हेच. त्यांच्यामागून आलेले त्यांचे देशबंधु वखारी, पलटणी व राज्य घेऊन आले. ह्या पहिल्या इंग्रजाजवळ प्रार्थनेच्या पुस्तकावांचून दुसरें कांहीं नव्हतें.

गोव्यांत त्यांस गुरुदीक्षा मिळाली आणि त्यांची नेमणूक साष्टी प्रांतांत झाली. मडगांव, राचोल व भोंवतालचीं गांवें हें त्यांचें कार्यक्षेत्र. तेथें त्यांनीं जवळजवळ चाळीस वर्षें काढलीं. पोर्तुगीज लोक त्यांस पाद्रे एश्तेव्हांव म्हणत.

येथें एक कटु सत्य सांगणें प्राप्त आहे, आणि महोत्सवाच्या अंकांत तें झांकून ठेवणें आम्हांस योग्य वाटत नाहीं. ज्या साष्टींत फादर स्टीफन्स आले तेथें बारा वर्षांपूर्वीं, सन १५६७ मध्यें, राज्यसत्तेनें गांवोगांवचीं देवळें पाडलीं होतीं. जुन्या उत्सवांस बंदी झाली होती. पोथ्या बाळगणें धोक्याचें झालें होतें. इंग्लंडांत ज्यांची उपासना राजाज्ञेनें बंद पडली त्यांपैकीं एक तरुण अशा देशीं आला, कीं जेथें त्याच्याच श्रद्धेच्या राज्यकर्त्यांनीं दुसऱ्यांची उपासना बंद पाडली होती. ह्याचें फळ कडूच यावयाचें. सन १५८३ च्या जुलै महिन्यांत कुंकळ्ळी गांवीं येशूसंघाचे फादर रुडोल्फ आक्वाव्हिव्हा व त्यांचे चार संघबंधु जमावाच्या हातून मारले गेले. हे आक्वाव्हिव्हा म्हणजे सन १५८० मध्यें अकबर बादशहाच्या दरबारीं गेलेल्या पहिल्या मंडळाचे प्रमुख. ह्या पांच जणांस पोप तेरावे लिओ ह्यांनीं १८९३ सालीं धन्य म्हणून घोषित केलें. परंतु त्या वधानंतर पोर्तुगीज अधिकाऱ्यांनीं गांवकऱ्यांच्या पुढाऱ्यांस बोलणीं करण्याच्या मिषानें असोळण्याच्या किल्ल्यांत बोलावून घेतलें व ठार केलें, हेंहि तितकेंच खरें आहे. रक्त दोन्ही बाजूंचें सांडलें. आपल्या संघबंधूंच्या मरणाची हकीकत फादर स्टीफन्स ह्यांनीं त्याच वर्षीं आपल्या भावास पत्रानें कळविली.

अशा जखमी समाजांत ह्या पुरुषास काम करावयाचें होतें. त्यांनीं तें भाषेपासून आरंभिलें. २४ ऑक्टोबर १५८३ च्या त्याच पत्रांत, येथील भाषांची घडण ग्रीक व लॅटिन ह्या भाषांसारखी आहे असें त्यांनीं नमूद केलें आहे. युरोप व भारत ह्यांच्या भाषा एकाच कुळांतल्या होत हा सिद्धान्त विद्वानांनीं मांडावयास पुढें दोनशे वर्षें जावीं लागलीं. परंतु त्याची पहिली चाहूल साष्टींतील ह्या पाद्र्याच्या कानास लागली होती. कारण उघड आहे. ते ती भाषा ग्रंथालयांत बसून नव्हे, तर लोकांत राहून शिकले.

त्याच वर्षाच्या अखेरीस घडलेली एक गोष्ट त्यांच्या स्वभावावर व त्या काळच्या कलेवरहि प्रकाश पाडते. होर्मूझ बंदरीं पकडलेले चार इंग्रज कैदी होऊन गोव्यास आले. फादर स्टीफन्स ह्यांनीं खटपट करून त्यांस जामिनावर सोडविलें. त्यांपैकीं जेम्स स्टोरी हा चित्रकार होता, आणि येशूसंघीयांस आपलें चर्च रंगविण्यासाठीं चित्रकार हवाच होता. म्हणून त्याची सुटका सर्वांच्या आधीं झाली. गोव्याच्या चर्चमध्यें इंग्रज चित्रकार रंगकाम करीत आहे, वेदीचें लाकूड स्थानिक सुतार कोरीत आहेत आणि हस्तिदंती मूर्ति येथलेच कारागीर घडवीत आहेत, असा तो काळ होता. हिंदु कारागिरांनीं ख्रिस्ती मूर्ति करूं नयेत असे हुकूम निघत. परंतु त्यांच्या हातावांचून काम अडे. त्या हातांनीं हस्तिदंतांत घडविलेला उत्तम मेंढपाळ आजहि पाहावयास मिळतो. डोंगराच्या कड्यावर बाल प्रभु बसला आहे, गाल हातावर टेकला आहे, डोळे मिटलेले आहेत. रोमी दफनस्थानांतला मेंढपाळ चालत होता. येथला ध्यानस्थ बसला. कारागिरास हुकूम देतां येतो. परंतु पवित्र पुरुष कसा बसतो हें त्याच्या डोळ्यांनीं पिढ्यान्‌पिढ्या पाहिलेलें असतें, तें पुसतां येत नाहीं.

लाकडांत व हस्तिदंतांत जें आपोआप घडत होतें तेंच फादर स्टीफन्स ह्यांनीं शब्दांत जाणून बुजून घडविलें. मराठी पोथ्या येशूसंघीयांच्या हातीं पूर्वींच आल्या होत्या. परंतु त्या आल्या कशा? सन १५५९ च्या सुमारास, ख्रिस्ती झालेल्या एका विद्वानाच्या हस्तें, दुसऱ्या एका ब्राह्मणाच्या घरांतून त्या हिरावून आणण्यांत आल्या होत्या. आणि हेतु हा, कीं त्यांतील मतांचें खंडन करतां यावें. रोमी लिपींत उतरलेल्या अशा जुन्या मराठी ग्रंथांच्या नकला पोर्तुगालांतील ब्रागा येथें अद्याप जतन केलेल्या आहेत. खंडनासाठीं आणलेल्या पोथ्यांच्या त्याच परंपरेंतून फादर स्टीफन्स काव्य करावयास शिकले.

ख्रिस्तपुराणाच्या आरंभीं त्यांनीं स्वतः एक प्रसंग वर्णिला आहे. चर्चमध्यें मुलांस धर्मशिक्षण देणें चालू असतां एक ब्राह्मण पुढें होऊन पाद्रीबाबांस विनंती करतो, कीं ही शिकवण उत्तम खरी. परंतु आमचीं जुनीं पुराणें तर आतां वाचावयाचीं नाहींत. मग आमच्या भाषेंत वाचावयास, ऐकावयास, वेळ सत्कारणीं लावावयास दुसरें एखादें पुराण आम्हांस कां देत नाहीं? वाचकहो, ह्या विनंतींत किती दुःख सांठलेलें आहे हें पाहा. बाप्तिस्मा घेतलेल्या त्या मनुष्यास नवी श्रद्धा मान्य आहे; परंतु संध्याकाळीं समईच्या उजेडांत बसून ऐकावयाची कथा त्याच्या आयुष्यांतून गेली आहे. प्रश्नोत्तरांचें पुस्तक ती जागा भरून काढीत नाहीं. फादर स्टीफन्स ह्यांनीं ही रिकामी जागा ओळखली. त्यांचें सारें थोरपण आम्हांस ह्या ओळखण्यांत दिसतें.

त्यांनीं जें काव्य रचलें त्याचे दोन भाग आहेत. पहिल्या पुराणांत जगाच्या उत्पत्तीपासून जुन्या कराराची कथा छत्तीस अवस्वरूंत, म्हणजे अध्यायांत, आहे. दुसऱ्या पुराणांत प्रभु येशू ख्रिस्ताचें चरित्र एकूणसाठ अवस्वरूंत आहे. एकंदर ओव्या दहा हजार नऊशें बासष्ट. पहिले तीन चरण यमकानें बांधलेले व चौथा आखूड आणि मोकळा, ही जी ग्रंथ सांगण्याची ओवी ज्ञानेश्वरांपासून चालत आली तीच त्यांनीं स्वीकारली. त्याच सुमारास, सन १५८४ मध्यें, पैठणास एकनाथ महाराज ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध करीत होते. ह्या दोघां समकालीनांची कधीं भेट झाली नाहीं. परंतु पैठणास जी ओवी निर्मळ होत होती तीच साष्टींत नव्या कथेस अंगीकारीत होती.

मराठी पुराण नमनानें सुरू होतें. फादर स्टीफन्स ह्यांचेंहि तसेंच सुरू होतें. फरक इतकाच, कीं येथें नमन आहे तें विश्व भरून राहिलेल्या देवबापास, त्याच्या एकुलत्या पुत्रास, पवित्र आत्म्यास व देवमातेस. स्वर्गास त्यांनीं वैकुंठ म्हटलें, कारण त्या शब्दानें ऐकणाऱ्याच्या मनांत जी ओढ उत्पन्न होई ती नवा शब्द बनवून झाली नसती. मराठी भाषेचा त्यांनीं केलेला गौरव तर शाळेंत गेलेल्या प्रत्येक मराठी मुलास ठाऊक आहे. आपल्या भाषेची अशी स्तुति परक्या देशांत जन्मलेल्या दुसऱ्या कोणीं क्वचितच केली असेल. तथापि त्यांनीं पंडितांची मराठी जशीच्या तशी उचलली नाहीं. शुद्ध मराठी साष्टींतील सामान्य लोकांस नीट उमगत नाहीं हें पाहून त्यांनीं कठीण शब्द टाकले व तेथील बोलींतले सोपे शब्द मिसळले, असें त्यांनींच प्रस्तावनेंत सांगितलें आहे. ग्रंथाची भाषा घाटावरची, आणि तिला चव कोंकणची; ही ख्रिस्तपुराणाची शैली ऐकणाऱ्या माणसांनीं ठरविली.

त्यांनीं घाट घेतला; परंतु कथेचा गाभा पालटला नाहीं. प्रभूचा जन्म, दुःखसहन, क्रुसावरील मरण व पुनरुत्थान हीं शुभवर्तमानांत जशीं आहेत तशींच त्यांच्या ओव्यांत आहेत. जुन्या देवतांविषयीं त्यांची मतें त्यांच्या काळचीं होतीं, आणि आज आपण तीं तशींच बोलणार नाहीं. परंतु आपल्या श्रोत्याचें कान, त्याची गोडी, त्याची स्मृति ह्यांविषयीं त्यांच्या ठायीं पूर्ण आदर होता. आणि तलवारीच्या त्या काळीं असा आदर दुर्मिळ होता.

आतां छपाईची कथा ऐकावी, कारण परिस्थिति कलेस आकार देते तशीच ती तिचे हातहि बांधते. गोव्यांत छापखाना सन १५५६ मध्येंच आला होता. भारतांतील तो पहिला. परंतु त्याचे खिळे रोमी अक्षरांचे होते. सन १६०८ मध्यें फादर स्टीफन्स ह्यांनीं रोमास संघाच्या श्रेष्ठींकडे पत्र धाडून विनंती केली, कीं ह्या देशचीं पुस्तकें ह्याच देशच्या लिपींत छापलीं जावींत अशी माझी फार वर्षांची इच्छा आहे. अडचणहि त्यांनीं मांडली. युरोपांत चोवीस अक्षरें पुरतात. येथें काना, मात्रा, जोडाक्षरें धरून सहाशें साचे लागतील असा हिशेब पुढें येई. ती इच्छा त्यांच्या हयातींत सफळ झाली नाहीं. सन १६१६ मध्यें राचोल येथें ख्रिस्तपुराण छापून निघालें तें रोमी लिपींत. मराठीचें इतकें मोठें काव्य, आणि त्याच्या अंगावर परकें वस्त्र! तरीहि लोकांनीं त्यास दूर केलें नाहीं. रविवारीं व सणाच्या दिवशीं तें चर्चमध्यें वाचलें जाऊं लागलें, आणि १६४९ व १६५४ सालीं त्याच्या आणखी दोन आवृत्त्या निघाल्या.

सन १६१९ मध्यें फादर स्टीफन्स ह्यांनीं गोव्याच्याच भूमींत देह ठेवला. इंग्लंड त्यांनीं पुन्हां पाहिलें नाहीं. त्यांच्यामागें, १६२२ सालीं, त्यांचें धर्मशिक्षणाचें कोंकणी पुस्तक राचोलास छापलें गेलें, आणि १६४० सालीं त्यांचें कोंकणी व्याकरण निघालें. भारतीय भाषेचें छापून निघालेलें पहिलें व्याकरण म्हणून तें ओळखलें जातें. त्यांनीं घालून दिलेल्या वाटेनें इतरहि चालले. फादर एतिएन द ला क्रुआ ह्या फ्रेंच संघबंधूनें प्रेषित पेत्राचें चरित्र ओव्यांतच रचलें. तें १६२९ सालीं प्रसिद्ध झालें.

परंतु ज्या भूमींत हें झाड वाढलें तिचेंच पाणी पुढें तोडण्यांत आलें. सन १६८४ मध्यें पोर्तुगीज सत्तेनें हुकूम काढला, कीं लोकांनीं तीन वर्षांच्या आंत आपली बोली सोडून पोर्तुगीज भाषा स्वीकारावी. धर्मगुरूंनीं लोकांची भाषा शिकावी हा आग्रह मावळला. नव्या ओव्या निघेनाशा झाल्या. ख्रिस्तपुराणाच्या त्या तीन आवृत्त्यांपैकीं एकहि छापील प्रत आज कोठें असल्याचें ज्ञात नाहीं. समाज कलेस जन्म देतो हें जितकें खरें, तितकेंच तो तिचा श्वास कोंडूं शकतो हेंहि खरें.

मग तें काव्य आपणांपर्यंत आलें कसें? सामान्य माणसांच्या हातांनीं. गोवा सोडून दक्षिणेस कानडा प्रांतांत जाऊन राहिलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनीं त्याच्या हस्तलिखित नकला जपल्या. टिपू सुलतानानें मंगळूरकडील ख्रिस्ती लोकांस श्रीरंगपट्टणास बंदींत नेलें, तेव्हां त्या दुःखाच्या वर्षांत ह्याच ओव्यांनीं त्यांस धीर दिला असें तेथील परंपरा सांगते. अशा नकला मिळवून जोसेफ सालढाणा ह्यांनीं १९०७ सालीं मंगळुरास तें काव्य पुन्हां छापलें. पुढें लंडन येथील मार्सडेन संग्रहांत देवनागरी लिपींतील एक हस्तलिखित असल्याचें जस्टिन अॅबट ह्या अमेरिकन मिशनऱ्यानें उजेडांत आणलें. आणि १९५६ सालीं, आपल्या पुण्यांत, प्रा. शांताराम बंडेलू ह्यांनीं संपूर्ण ग्रंथ देवनागरींत प्रसिद्ध केला. फादर स्टीफन्स ह्यांनीं १६०८ सालीं जी लिपि मागितली होती ती त्यांच्या काव्यास छापील रूपांत तीनशें अठ्ठेचाळीस वर्षांनीं मिळाली.

हें सारें भीमेकांठच्या आपण लोकांनीं कां आठवावें? एवढ्यासाठीं, कीं फादर स्टीफन्स ह्यांच्यापुढें जो प्रश्न होता तो आपल्यापुढेंहि आहे. आपल्या प्रांतीं त्याचीं उत्तरें निरनिराळ्या लोकांनीं दिलीं. पंथ निराळा असला तरी रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) ह्यांनीं अहमदनगरास बसून प्रभूची भक्ति अभंगांत गाइली. पुण्याच्या आश्रमांत राहून आंजेलो द फोन्सेका (१९०२–१९६७) ह्या गोमंतकीय चित्रकारानें देवमातेस साडी नेसविली. आरंभीं त्याबद्दल त्यास आपल्याच लोकांचे कठोर बोल सोसावे लागले. हरेगांवच्या यात्रेस हजारों भाविक पायीं जातात, आणि मरियेस मतमाउली म्हणतात. माउली हा शब्द आळंदीच्या वाटेवरचा, आणि पायीं यात्रेची रीतहि तेथलीच. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें १९६३ सालीं लोकभाषेस उपासनेचें दार उघडून दिलें, आणि आज आपण मिस्साबलिदान मराठींत अर्पितों. ज्यासाठीं साष्टींतील त्या ब्राह्मणानें हात जोडले होते तें आपणांस न मागतां मिळालें आहे.

न मागतां मिळालेल्या वस्तूची किंमत मनुष्य विसरतो, आणि हीच आमची चिंता आहे. आपल्या घरांतील वृद्ध स्त्रियांस अद्याप जात्यावरच्या ओव्या ठाऊक आहेत. त्यांत येशूबाळाच्या पाळण्याच्या व मरियेच्या दुःखाच्याहि असतील. घरोघरीं पिठाची गिरणी आली आणि जातें कोपऱ्यांत गेलें. त्याबरोबर ओवी जाण्यास वेळ लागणार नाहीं. जातें परत आणा असें आम्ही म्हणत नाहीं. परिस्थिति पालटते, आणि गाणेंहि पालटावयाचेंच. परंतु कोणाच्या तरी बाजारी चालीवर प्रभूचें नांव बसविणें निराळें, आणि आपल्या श्रमांतून, आपल्या दुष्काळांतून व सुगींतून, आपल्या मुलांच्या नव्या धंद्यांतून भक्तीचा सूर काढणें निराळें. पहिल्यास केवळ अनुकरण लागतें. दुसऱ्यास आपल्या माणसांवर प्रेम लागतें.

म्हणून ह्या महोत्सवप्रसंगीं आमची एक नम्र सूचना आहे. आपल्या धर्मग्रामांतील आजींच्या तोंडच्या ओव्या, पाळणे व भजनें तरुणांनीं लिहून घ्यावींत, सांगणारीच्या नांवासह. आणि पुढील महोत्सवाच्या अंकांत तीं छापावींत. भिंती बांधल्या जातात व कालांतरानें दुरुस्तहि होतात; परंतु गेलेली ओवी कोणास बांधतां येत नाहीं.

परमेश्वरानें एका परदेशस्थ सेवकाच्या मुखें आपल्या भाषेंत आपली कथा आपणांस ऐकविली. ती पुढील पिढीस आपल्या आवाजांत सांगण्याचें बळ तो आपणां सर्वांस देवो, आणि फादर थॉमस स्टीफन्स ह्यांच्या आत्म्यास, ज्या वैकुंठाची त्यांनीं आपणांस वाट दाखविली, तेथें अखंड शांति लाभो.